मधली खुर्ची

मधली खुर्ची तुम्ही ठेवलीत तिथेच आहे. ती जरासुद्धा हलू नये म्हणून तुम्ही तिच्या चारी पायांभोवती खडूने खुणा केल्या होत्या. लादी पुसताना मी तेवढी जागा सोडून पुसते. पाहुण्यांनी, सतरंज्यांनी, भांड्यांनी सगळं घर विस्कटून गेलं होतं, पण ती खुर्ची मी कुणाला उचलू दिली नाही. तुमच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेजारची सुलूवहिनी तिच्यावर बसायला गेली, तेव्हा मी पटकन धुतलेल्या चादरी आणून खुर्चीवर ठेवल्या. बसू नको असं म्हणायला जमलं नाही, चादरी ठेवायला जमल्या.

आज शुक्रवार. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. परवा रविवारी आपला नितीन मुंबईहून येणार आहे आणि तुमचं होम थिएटर उतरवून नेणार आहे. फोनवर म्हणाला, "आई, ते बॉक्स घरात नकोत. त्यांच्या आवाजात तुला पप्पांची हाक ऐकू आली नाही." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तो म्हणतो ते खरं नाही. खरं काय ते मला एकटीला ठाऊक आहे. रविवारी तो स्टुलावर चढायच्या आधी मला ते त्याला सांगायचं आहे, आणि माझ्याच्याने ते होईल असं वाटत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगून बघते. तुमच्यापासूनही लपवलेलंच आहे ते.

समोर बसून बोलायला मला कधीच आलं नाही. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर बरं, म्हणून तुम्ही मुंबईला असताना मी तुम्हाला पत्रं लिहायची. तुम्ही मे महिन्यात घरी आलात की म्हणायचात, "पत्रात एवढी बडबडतेस, नि समोर आलो की तोंडाला कुलूप." मग फोन आले नि पत्रं बंद झाली. फोनवर मी नुसती हं, हं करायची.

तुम्ही थेटराच्या दारावर होतात. हातात बॅटरी घेऊन उशिरा आलेल्या माणसांना खुर्ची दाखवायची, मध्यंतराला दार उघडायचं, शेवटी सगळे गेल्यावर खुर्च्यांखाली बघायचं. इतक्या वर्षांत शेकडो सिनेमे तुम्ही बघितलेत, पण सगळे दाराजवळ उभं राहून, बाजूने, कडेकडेने. तुम्ही सांगायचात की थेटरात एकच जागा खरी असते, मधल्या रांगेतली मधली खुर्ची. तिथे बसलं की पुढून बोलणं येतं, मागून पाऊस येतो, बाजूने मोटार येते आणि सगळे आवाज माणसाच्या डोक्यात येऊन भेटतात. तिथे तुम्ही कधी बसला नाहीत. थेटर बंद पडलं त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा दिला, तेव्हा हॉल रिकामा होता, पण पडद्यावर काही चालू नव्हतं.

गावी कायमचे आलात तेव्हापासून तुमचं सुरू झालं. घरात टीव्ही आहे, मग आवाज का नाही? मला न्हाणीला पक्की भिंत हवी होती. त्यावरून आपलं चांगलंच वाजलं. म्हणजे तुम्ही बोललात आणि मी भांडी आपटली. शेवटी मी एवढंच म्हटलं की दोन माणसांच्या घरात पाच-पाच बॉक्स कशाला? तुम्ही हसलात. "दोन माणसांना कान किती? चार. बॉक्स पाच. फक्त एकच जास्त हाय गो."

मी मनात म्हटलं, चार नाहीत, तीन.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही हसत होतात, मीही हसले असते, आणि झालं असतं.

मी चौथीत असताना माझा डावा कान फुटला. बरेच दिवस वाहत होता. आईने लसूण तापवून तेल घातलं. मग वाहायचा थांबला आणि ऐकायचाही थांबला. वर्गात गुरुजी डावीकडून काही विचारायचे, मी गप्प बसायची, मार खायची. एक दिवस मी दप्तर घेऊन घरी आले ती परत गेलेच नाही. तुम्ही बघायला आलात त्या दिवशी आईने पाट कुठे मांडला होता ते मला आजही आठवतं. भिंतीच्या कडेला, असा की सगळी माणसं माझ्या उजव्या हाताला येतील. लग्नात मला म्हणाली, "नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसायचं, म्हणजे तो तुझ्या उजवीकडे येतो. आपोआप होईल." खरंच आपोआप झालं. तुम्ही वर्षातून महिना-दीड महिना घरी. तेवढे दिवस मी चुलीपाशी, अंथरुणात, एसटीत, सगळीकडे तुम्हाला उजवीकडे घेत राहिले. आधी लाज वाटायची. मग इतकी वर्षं गेली की आता सांगितलं तर एवढी वर्षं का लपवलंस हेच विचाराल, याची लाज वाटायला लागली.

रत्नागिरीला दुकानात गेलो तो दिवस मला सगळाच्या सगळा आठवतो. दुकानदार तरुण आणि भारी बोलका. त्याने आधी आपल्याला एक लांबट दांडीसारखं दाखवलं, टीव्हीखाली ठेवायचं. म्हणाला, "काका, ह्यातच सगळं आलं. मागचा आवाजपण ह्याच्यातूनच येतो." तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "मागचा आवाज पुढून येतोय आणि मागून आल्यासारखं मी समजून घ्यायचं. म्हणजे अर्धं काम माझंच." तो हसला. मग त्याने मारामारी लावली, गाड्या उडवल्या, माझ्या पोटात धडधडायला लागलं. तुम्ही हात वर केलात. "ते राहू दे. दोन माणसं बोलतात असं काहीतरी लाव." बोलणं स्पष्ट आलं पाहिजे, बाकी नंतर, हा तुमचा हिशोब. धडधडणारा मोठा डबा तुम्ही घेतलाच नाही. तो पुढच्या मे महिन्यात घेऊ म्हणालात. यंत्र मात्र चांगलं घेतलंत, पाची बॉक्स जोडता येतील असं. पुढचे दोन आणि मधला एक, एवढे तीनच बॉक्स नवे घेतलेत. मागच्या दोन्हींसाठी पिशवीतून तुम्ही आपल्या जुन्या टेपचे स्पीकर काढलेत. नितीन जन्मला त्या वर्षी मुंबईहून आणलेला तो टेप. दुकानदाराने ते उलटे करून मागचे आकडे वाचले नि म्हणाला, "चालतील की, काका. तुम्हाला बरंच कळतं."

तुम्हाला किती बरं वाटलं होतं. परतीच्या एसटीत सगळ्या वाटेत तो खोका मांडीवर घेऊन बसलात. खाली ठेवा म्हटलं तर ऐकलं नाहीत.

मग ते लावणं. सुतळी घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलंत, मधोमध खुर्ची ठेवलीत आणि मला म्हणालात, "बस." मी म्हटलं, तुम्ही बसा, एवढी वर्षं वाट बघितलीत. तर म्हणालात, "मी लावणार कोण? बसणाऱ्याने सांगायचं, कुठून येतोय." आणि मी तिथे बसले. मधल्या खुर्चीवर.

तुम्ही एकेक स्पीकर वाजवत होतात आणि मला विचारत होतात, आता कुठून? मला सगळं उजवीकडूनच येत होतं. दोन कान असले की माणसाला आवाजाची दिशा कळते म्हणे. मला ती कधीच कळली नाही. रस्त्यात मागून गाडी वाजली की मी भलतीकडेच बघते. पण तुम्ही स्पीकर वाजवायच्या आधी त्याच्याकडे बघायचात, ते मी बघून ठेवलं, आणि तुमच्या डोळ्यांवरून सांगत गेले. पुढून. डावीकडून. मागून. मग तुम्ही यंत्राकडे तोंड करून बसलात आणि मला तुमचे डोळे दिसेनात. मी "मागून उजवीकडून" म्हणाले. तुम्ही परत विचारलंत. मी परत तेच म्हणाले. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत, बराच वेळ, आणि म्हणालात, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी नदीवर गोधड्या धुऊन आले, तर मागच्या डाव्या भिंतीवरचा स्पीकर तिथे नव्हता. उजव्या भिंतीवर दुसऱ्याच्या खाली लावला होता. मी विचारलं तर म्हणालात, "तिकडे खिडकी हाय. आवाज सगळा सुलूवहिनीकडे पळतो." मला ते पटलं.

त्यानंतर आपण रोज संध्याकाळी बघायचो. खरंच फार छान वाजायचं. पाऊस पडायचा तो माझ्या मानेवर पडायचा. तुम्ही कधी बसलाच नाहीत. डावीकडे स्टूल होतं, मी तिथे बसा म्हणायची. तुम्ही उजवीकडे पडवीच्या दाराला टेकून उभे राहायचात आणि तिथून मला सांगत राहायचात, आता बघ, आता तो येणार. म्हणायचात, बसून सिनेमा कळत नाही, सवय नाही.

आणि दुसरं आपलं भांडण, ते ओल्या पायांचं. न्हाणी मागीलदारी, घराच्या डाव्या अंगाला. टॉवेल राहिला तर तिथून हाक मारायची सोडून तुम्ही सगळ्या घराला वळसा घालून पडवीतून आत यायचात, ओल्या पायांनी, आणि दारात उभं राहून टॉवेल मागायचात. मी म्हणायची, मागचं दार काय शोभेला आहे? सगळी लादी भिजवता. तुम्ही म्हणायचात, "लादी भिजली तर वाळते." कितीदा बोलले मी तुम्हाला त्यावरून. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीही बोलले.

आता त्या दिवसाचं.

दुपारचे चार वाजले असतील. तुम्ही न्हाणीची चूल पेटवायला गेलात. मी खुर्चीवर बसले होते. जुना सिनेमा लागला होता. आवाज बारीक होता. यंत्रावर आकडा येतो ना, तो आठ होता. सुलूवहिनीची लेक माहेरपणाला आली होती, तिचं बाळ झोपलं असेल म्हणून मीच कमी केला होता.

तुमची हाक आली. "अगो."

मी ऐकली. सगळे म्हणतात मला ऐकू आली नाही. मला ऐकू आली. आणि ती पडवीकडून आली, तुमची हाक नेहमी यायची तिकडूनच. मी उठले, दारात गेले. पडवीत तुम्ही नव्हतात. मला वाटलं रस्त्यावर कुणी भेटलं असेल. मी अंगणात उतरले, फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर मासेवाल्याची मोटारसायकल जात होती, बाकी कोणी नव्हतं. मी तिथे उभी राहिले, किती वेळ ते आता सांगता येत नाही. मग वाटलं, तो मासेवालाच ओरडला असेल. परत आले आणि खुर्चीवर बसले. बसले मी. सिनेमा बघत बसले.

सुलूवहिनी म्हणते तुम्ही दोनदा हाक मारलीत, तिला वाटलं नेहमीसारखंच मला बोलावताय. दुसरी मारलीत तेव्हा मी फाटकाशी असेन. तुमच्याकडे पाठ करून.

तिने कुंपणावरून तुम्हाला न्हाणीपाशी पडलेलं बघितलं आणि ओरडत आली तेव्हा मला कळलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काहीतरी करून बघितलं असतं. मी खाली बघत उभी होते. मागून सुलूवहिनी कुणाला तरी सांगत होती की ती बिचारी काय करणार, घरात केवढे ते बॉक्स लावलेत, त्यात माणसाची हाक कुठली ऐकू येणार. सगळ्यांनी मान डोलावली. मी काही बोलले नाही. पुण्यानुमोदनालाही कोणीतरी तेच म्हणालं आणि मी खीर वाढत राहिले. तुम्ही मांडीवर घेऊन आणलेल्या वस्तूवर मी माझं खापर फुटू दिलं.

इतकंच आहे. लिहून झालं, पण हलकं वाटत नाही.

रविवार, संध्याकाळ.

नितीन सकाळी आला. चहा घेतला आणि लगेच स्टूल ओढून पेचकस घेऊन उजव्या भिंतीशी गेला. मी स्वयंपाकघरात उभी होते. तेवढ्यात तो म्हणाला, "आई, हे पप्पांनी काय केलंय? मागचे दोन्ही एकाच बाजूला?"

मी खिडकीचं सांगितलं. सुलूवहिनीकडे आवाज जातो म्हणून. तो डाव्या भिंतीकडे गेला. तिथली दोन भोकं तुम्ही पांढरं सिमेंट लावून बुजवली होती. "आधी बरोबर लावला होता," तो म्हणाला. मग यंत्रापाशी खाली बसला. त्याच्यावर आवाज डावीकडे-उजवीकडे करायचं एक गोल बटण आहे. मी कधी हात लावला नव्हता. ते तुम्ही पार उजवीकडे फिरवून ठेवलं होतंत आणि हलू नये म्हणून वर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली होती. नितीनने चालू करून बघितलं, खुर्चीवरच्या चादरी बाजूला ठेवून तिच्यावर बसला आणि म्हणाला, "सगळं एकाच कानात येतंय. पप्पा जन्मभर थेटरात होते, त्यांना एवढं कळू नये?"

मी ती पट्टी बघत राहिले. मग तुम्ही दाराला टेकून उभे राहायचात ते आठवलं. आणि ओले पाय.

अहो, तुम्हाला ठाऊक होतं. कधीपासून, ते आता कोण सांगणार? त्या सुतळीच्या दिवसापासून, की आईने पाट मांडला त्या दिवसापासून? एकदा तरी बोलायचंत. पण तुम्ही तरी कसं बोलाल? मी लपवत होते, म्हणून तुम्ही माझं लपवणं सांभाळत होतात. आणि तुम्ही एवढी वर्षं वळसा घालून दाराशी येत राहिलात म्हणून त्या दिवशी मी दाराशी गेले. हे मी कुणाशी भांडू?

नितीन पेचकस घेऊन पुन्हा उठला तेव्हा मी म्हटलं, "थांब. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

तो म्हणाला, "कधीपासून?"

"चौथीपासून."

मग मी त्याला सगळं सांगितलं. आठ आकडा, फाटक, मासेवाला. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. म्हणाला, "नाही आई, तू उगाच स्वतःवर घेतेस. बॉक्स चालू होते म्हणून तुला कळलं नाही." मी यंत्र बंद केलं. खुर्चीवर बसले. त्याला म्हटलं, "न्हाणीत जा आणि मला हाक मार."

त्याला जायचं नव्हतं. मी परत सांगितलं तेव्हा गेला.

घर शांत होतं. मला ठाऊक होतं तो न्हाणीत आहे, डावीकडे आहे. मी डावीकडेच तोंड करून बसायचं ठरवलं होतं. हाक आली, "आई." आणि माझी मान पडवीकडे वळली. ठाऊक असूनही वळली. रिकाम्या दाराकडे बघत मी बसले होते.

मागच्या दारातून नितीनने ते बघितलं असणार. आत मात्र तो तिथून आला नाही. मग पडवीत पावलं वाजली आणि तो उजवीकडच्या दारात येऊन उभा राहिला, तुम्ही राहायचात तसा, चौकटीला टेकून. न्हाणीतलं पाणी त्याच्या पायांना लागलं होतं. सगळ्या घराला वळसा घालून आला होता.

त्याने स्पीकरचे सैल केलेले स्क्रू परत आवळले. दोन्ही, उजव्याच भिंतीवर. पट्टीला हात लावला नाही.

लादीवर दारापासून खुर्चीपर्यंत त्याचे ओले पाय उमटले होते. मी पुसायला फडकं घेतलं आणि तसंच हातात धरून बसले.